जुन्या स्नोमोबाइलचं ॲव्हरेज: जेटला हात सगळ्यात शेवटी

जुनी टू-स्ट्रोक स्नोमोबाइल पेट्रोल पिते, त्यात नवल नाही. नव्वदच्या दशकातली किंवा २००० सालच्या आगेमागे बनलेली, दोन सिलिंडरची, कार्बोरेटरवाली स्लेड ठणठणीत असेल तर दाबून सपाट केलेल्या ट्रेलवर गॅलनला १० ते १२ मैल देते, म्हणजे लिटरला सव्वाचार ते पाच किलोमीटर. ताज्या भुसभुशीत बर्फात तीच ८ वर येते. तेव्हा तुमची १० देत असेल आणि तुम्हाला १८ हवे असतील, तर हा लेख सोडा आणि फोर-स्ट्रोक शोधा. पण कडक ट्रेलवर, मध्यम वेगात, एकट्याने चालवूनही ती ६-७ वर अडकली असेल, तर कुठेतरी दुखणं आहे आणि ते बहुतेक वेळा घरच्या गॅरेजमध्ये सापडतं.

इकडे मिनेसोटात ॲव्हरेजचा प्रश्न पैशांपेक्षा पल्ल्याचा आहे. डुलुथपासून ग्रँड मरेपर्यंतची नॉर्थ शोअर स्टेट ट्रेल सुमारे १४६ मैलांची आहे आणि ती बरीचशी जंगलातून जाते. दहा गॅलनची टाकी ७ च्या ॲव्हरेजने ७० मैलांत कोरडी पडते, ११ ने ११० मैल जाते. उणे २५ सेल्सिअसमध्ये हा फरक गंमतीचा राहत नाही.

आता मुद्द्याचं. ॲव्हरेज पडलं की बहुतेक जण आधी कार्बोरेटर उघडतात आणि एक नंबर लहान मेन जेट (पेट्रोल मापून सोडणारी छोटी पितळी तोटी) टाकतात. माझ्या मते हा सगळ्यात वाईट क्रम आहे. एक तर ट्रेलवर ३५-४० मैलांच्या वेगाने जाताना थ्रॉटल पाव ते अर्धाच उघडा असतो, आणि मेन जेटचा खरा अंमल पाऊण थ्रॉटलच्या पुढे सुरू होतो. म्हणजे जेट बदलून रोजच्या चालीत फारसा फरक पडतच नाही. दुसरं म्हणजे, ज्या पूर्ण थ्रॉटलला फरक पडतो तिथे मिश्रण लीन झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, की टू-स्ट्रोकचा पिस्टन धरतो, सिलिंडरमध्ये जाम होतो. वाचलेलं पेट्रोल एका पिस्टनची भरपाई कधीच करत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: मोजमाप, पोटाखालचं घर्षण, क्लच, पेट्रोलची गळती, आणि सर्वांत शेवटी जेट.

आधी मोजा

गाडी सपाट जागी उभी करून टाकी गळ्यातल्या एका ठरावीक खुणेपर्यंत भरा. ओळखीच्या ट्रेलवर ३०-४० मैल चालवा आणि त्याच जागी, त्याच खुणेपर्यंत परत भरा. अंतर मात्र जीपीएसवरून घ्या. जुन्या स्लेडचा मीटर ट्रॅकच्या, म्हणजे पोटाखालच्या रबरी पट्ट्याच्या, फिरण्यावर चालतो. बर्फावर ट्रॅक जितका घसरतो तितकं न कापलेलं अंतरही तो मोजतो, आणि ॲव्हरेज उगाच बरं दिसतं. फोन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, बाहेरच्या खिशात थंडीने बॅटरी बसते.

वहीत चार गोष्टी लिहा: तापमान, बर्फाची जात, साधारण वेग आणि त्या वेगाला टॅकोमीटरवर दिसलेला आरपीएम. शेवटचा आकडा लोक लिहीत नाहीत, आणि क्लचकडे आल्यावर तोच लागतो. एका रीडिंगवर विसंबू नका. नरम बर्फाचा एक दिवस सगळा हिशेब बिघडवतो.

पोटाखाली काय अडतंय

सायकलच्या टायरमध्ये हवा नसताना चेन बदलून भागत नाही, तसंच हे. इंजिन कितीही नीट ट्यून केलं तरी ट्रॅक जड फिरत असेल तर पेट्रोल तिथेच जाणार.

गाडीचा मागचा भाग मजबूत स्टँडवर उचला. इंजिन बंद ठेवा, ड्राइव्ह बेल्ट काढा आणि ट्रॅक हाताने फिरवा. बेल्ट काढल्यामुळे इंजिन आणि पुढची पुली बाजूला पडते, आणि हाताला जाणवतो तो फक्त ट्रॅक, चेनकेस (ट्रॅक फिरवणाऱ्या साखळीचा डबा) आणि ब्रेकचा जडपणा. थोडा अडसर असणारच. पण दोन्ही हातांनी जोर लावावा लागत असेल, किंवा सोडल्या क्षणी ट्रॅक गपकन थांबत असेल, तर पुढे शोधा.

पहिला संशय ट्रॅकच्या ताणावर. घट्ट ट्रॅक म्हणजे चांगला ट्रॅक अशी अनेकांची समजूत असते, आणि आधीच्या मालकाने तो तंतुवाद्यासारखा ताणून ठेवलेला असतो. मॅन्युअलमध्ये ठरावीक वजन ट्रॅकच्या मधोमध टांगून किती झोळ पडला पाहिजे याचा आकडा असतो. वजन आणि आकडा मॉडेलप्रमाणे बदलतात, म्हणून दुसऱ्या गाडीचा उसना घेऊ नका. फार सैल सोडला तर जोरात थ्रॉटल दिल्यावर ड्राइव्ह स्प्रॉकेट दात सोडून खटखट उड्या मारतं. ताण बदलला की ट्रॅक दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर चालतो का तेही पाहा. बेल्ट परत लावून, इंजिन चालू करून हे बघायचं असेल तर गाडीच्या मागे कोणालाही उभं राहू देऊ नका. सुटलेला स्टड किंवा बर्फाचा खडा गोळीसारखा येतो.

मग चाकं. सस्पेन्शनमधलं प्रत्येक लहान चाक ट्रॅकपासून मोकळं करून बोटाने फिरवा. इथे एक फसवी गोष्ट आहे: जे चाक भर्रकन, बराच वेळ आणि खरखर आवाज करत फिरतं ते चांगलं नसून त्यातलं ग्रीस संपलेलं असतं. ग्रीस शाबूत असलेलं बेअरिंग गुळगुळीत, जरा दमाने फिरतं आणि आवाज करत नाही. बऱ्याच स्लेडमध्ये या चाकांना ६००४ नंबरचं साधं सीलबंद बेअरिंग असतं. तुमच्या बेअरिंगच्या सीलवर नंबर छापलेला असेल, तो वाचून कोणत्याही बेअरिंगच्या दुकानातून घ्या, कंपनीच्या डब्यातलंच हवं असं नाही.

स्लाइडर, म्हणजे रेल्सखालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, बर्फाच्या ओलाव्यावर सरकतात. टणक बर्फावर किंवा बर्फ कमी असताना त्या कोरड्या पडतात, तापतात आणि वितळलेलं प्लॅस्टिक ट्रॅकच्या धातूच्या क्लिपांवर चिकटतं. क्लिपांवर काळा, चकचकीत थर दिसला तर तेच झालंय समजा. झिजेच्या खुणेपर्यंत आलेल्या पट्ट्या बदला आणि रेल्सवर आइस स्क्रॅचर बसवा. स्प्रिंगची ती काडी बर्फ खरवडून तुषार आत उडवते आणि पट्ट्या ओल्या राहतात. स्वस्तातली ही वस्तू जुन्या गाडीवर नसेल तर पहिल्यांदा तीच घ्या.

ब्रेक घासतोय का हे पाहायला ब्रेक न लावता काही मैल जा आणि थांबल्यावर डिस्कजवळ हात न्या. स्पर्श करू नका, धग कळते. कॅलिपरची पिन गंजून अडकणं हा जुन्या गाड्यांचा नेहमीचा रोग. चेनकेसचं तेल काळं, पाणी मिसळलेलं असेल तर बदला आणि चेनचा ताण मॅन्युअलप्रमाणे लावा. पुढे हँडल सरळ धरून दोन्ही स्की ट्रॅकशी समांतर आहेत का, हे ट्रॅकच्या कडेला लांब सरळ पट्टी लावून तपासा. समोरच्या टोकाला किंचित बाहेर झुकलेल्या असाव्यात, आत नाही. आत वळलेल्या स्की सगळा वेळ बर्फ नांगरत चालतात.

ट्रॅकवरच्या रबरी दात्यांची उंचीही बघा. डोंगरातल्या मऊ बर्फासाठी कोणी उंच दात्यांचा ट्रॅक बसवला असेल तर सपाट ट्रेलवर तो पेट्रोल खाणारच. त्यावर ट्रॅक बदलण्यावाचून इलाज नाही, आणि तेवढ्यासाठी ट्रॅक बदलणं परवडत नाही.

क्लच: इथे सगळ्यात जास्त हरवतं

स्कूटर उघडलेल्यांना रचना ओळखीची वाटेल. इंजिनावरची पुली वेगाबरोबर मिटत जाते, मागची उघडत जाते, आणि मधला बेल्ट गिअर बदलत राहतो. हा बदल अर्धवट झाला तर गाडी कायम खालच्या गिअरमध्ये धावल्यासारखी धावते. त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं, आणि प्रत्येक फेरीला पेट्रोल जातं.

बेल्टची रुंदी व्हर्नियरने मोजा. नव्या बेल्टपेक्षा सुमारे ३ मिलिमीटर कमी झाली असेल तर तो बदलाच. अरुंद बेल्ट पुढच्या पुलीत खोल बसतो आणि सगळं गुणोत्तरच सरकतं. गाडी उभी असताना मागच्या पुलीत बेल्टची वरची कड पुलीच्या कडेशी सपाट किंवा केसभर वर असावी. खाली गेली असेल तर बेल्ट झिजला आहे किंवा पुलीचं अंतर चुकलं आहे.

आता फेल्ट पेनची युक्ती. पुढच्या पुलीच्या तिरक्या चेहऱ्यावर, मध्यापासून कडेपर्यंत, जाड मार्करने सरळ रेघ ओढा. क्लचचं कव्हर परत लावा आणि लांब, मोकळ्या, कायद्याने परवानगी असलेल्या पट्ट्यावर नेहमीच्या सर्वांत जास्त वेगाने जाऊन या. बेल्टने जिथपर्यंत रेघ पुसली तिथपर्यंत तो चढला. कडेपासून बरीच रेघ शिल्लक राहिली असेल तर पुली पूर्ण मिटत नाही. याच वेळी टॅकोमीटरवरचा कमाल आरपीएम मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहा. आरपीएम जास्त आणि वेग कमी, तर क्लच वर चढत नाही. आरपीएमच कमी, तर इंजिनात दम नाही किंवा क्लच फार लवकर चढतोय, आणि त्यात मागच्या पुलीची थकलेली स्प्रिंग हे नेहमीचं कारण.

चढत नसेल तर आधी साफसफाई. बेल्टची काळी भुकटी पुलीच्या बुशात, वजनांच्या पिनांवर आणि रोलरांवर बसते. चेहरे ब्रेक क्लीनरने पुसून हिरव्या स्कॉच-ब्राइटने आडवे-तिडवे घासा आणि कोरडे करा. पुलीच्या चेहऱ्यावर किंवा वजनांच्या पिनांवर तेल, ग्रीस, डब्ल्यूडी-४० यांतलं काहीही लावू नका. हे भाग कोरडेच चालायचे असतात. वंगण लावलं की धूळ चिकटते आणि बेल्ट घसरतो. रोलर एका बाजूने चपटे झाले असतील, वजनांवर खाचा पडल्या असतील किंवा बुश हलत असेल तर सुटे भाग बदला. पुढची पुली काढायला तिचा स्वतःचा पुलर लागतो. पहारीने उचकटली तर क्रँकचं टोक वाकतं, आणि मग ॲव्हरेज विसरा.

स्प्रिंगा वर्षानुवर्षांच्या उष्णतेने मऊ पडतात. बघून कळत नाही, म्हणून पंचवीस वर्षांच्या गाडीत दोन्ही नव्या टाकणं मला योग्य वाटतं. रंगांचा कोड तोच ठेवा. सोबत इंजिनाचे रबरी माउंट पाहा. खचलेल्या माउंटवर इंजिन जोर आला की तिरकं सरकतं आणि दोन पुली एका रेषेत राहत नाहीत. वळसा घेत चाललेला बेल्ट तापतो, आणि ती उष्णता तुमच्याच टाकीतून येते.

बेल्ट काढलेला असताना इंजिन कधीही चालू करू नका. अडवायला काहीच नसल्याने ते क्षणात बेफाम फिरतं.

पेट्रोल कुठून निसटतंय

आरएक्स १०० चा कार्बोरेटर उघडलेल्या माणसाला मिकुनीचा गोल स्लाइडचा कार्बोरेटर बघून माहेरी आल्यासारखं वाटेल. फरक एवढाच की इथे ते दोन असतात.

चोकपासून सुरुवात करा. या कार्बोरेटरांत चोक म्हणजे पितळेचा छोटा प्लंजर असतो, आणि तो केबलने उचलला जातो. लिव्हर बंद असताना केबलला मिलिमीटर-दीड मिलिमीटर ढिलाई हवी. ती नसली तर प्लंजर पूर्ण बसत नाही आणि गाडी सगळा हिवाळा अर्ध्या चोकवर धावते. सुरू व्हायला झकास, म्हणून कोणाला संशयही येत नाही. इंजिन गरम झाल्यावर चोक ओढा. ते गुदमरायला हवं. काहीच फरक पडला नाही तर चोक आधीच गळतोय. प्लंजरच्या तोंडावरच्या रबरात गोल खाच पडली असेल तर केबल सैल करूनही थांबत नाही, प्लंजर बदला.

पेट्रोल पंपाकडे बघायचं अनेकांना सुचत नाही. हा पंप क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर चालतो, आणि ते ठोके एका बारीक नळीतून येतात. आतला डायफ्रॅम फाटला की त्याच नळीतून कच्चं पेट्रोल थेट इंजिनात जातं. एका सिलिंडरचा प्लग कोरडा तपकिरी आणि दुसऱ्याचा काळा ओला दिसत असेल तर पंपाकडची ही नळी काढा. आत पेट्रोल दिसलं की निदान झालं. दुरुस्तीचा किट मिळतो.

गाडी ट्रेलरवर हलत आली की हूडखाली पेट्रोलचा वास येतो, ओव्हरफ्लोच्या नळ्या ओल्या दिसतात? मग फ्लोटची सुई आणि तिची बैठक बदला, आणि फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे लावा.

आणि आता या भागातला खरा चोर: निडल जेट. पाव ते पाऊण थ्रॉटलमध्ये पेट्रोल किती जायचं ते निमुळती सुई आणि तिच्याभोवतीचं पितळी निडल जेट ठरवतात, आणि तुम्ही नव्वद टक्के वेळ तिथेच असता. इंजिनाच्या थरथरीने सुई पितळेवर घासत राहते. हजारो मैलांनंतर गोल भोक लंबगोल होतं आणि मिश्रण मधल्या थ्रॉटलला रिच (पेट्रोल जास्त) होत जातं. पूर्ण थ्रॉटलला मात्र सगळं ठीक, म्हणून प्लग बघूनही चकायला होतं. जेट काढून उजेडासमोर धरा, भोकाचा आकार भिंगातून पाहा. सुईवर एका बाजूला चमकदार घासलेला पट्टा शोधा. सापडला तर सुई आणि जेट जोडीनेच बदला. जेटवर अक्षर आणि आकडा कोरलेला असतो, तोच घ्या. सुईला पाच खाचा असतात. क्लिप ज्या खाचेत होती तिथेच परत लावा. काही इंजिनांत दोन कार्बोरेटरांच्या सेटिंग मुद्दाम वेगळ्या असतात, म्हणून डावा-उजवा मिसळू नका.

बसवताना दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जातात का ते पाहा. एक मागे राहिली तर एकच सिलिंडर ओझं ओढतो.

जेटचं काय

आधीच्या मालकाने भीतीपोटी मोठे मेन जेट घातलेले असू शकतात, तेव्हा नंबर वाचणं गरजेचं आहेच. बऱ्याच गाड्यांत क्लचच्या कव्हरवर किंवा हूडच्या आत तापमान आणि उंचीप्रमाणे जेटचा तक्ता चिकटवलेला असतो, नसला तर मॅन्युअलमध्ये मिळतो. त्या तक्त्याला परत या, त्याच्या खाली जाऊ नका.

कारण साधं आहे. उणे २० अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १४ टक्के घट्ट असते आणि कार्बोरेटरला ते कळत नाही. उणे २ च्या दुपारी बरोबर वाटलेलं लहान जेट दुसऱ्या दिवशी पहाटे उणे ३० ला लीन होतं. उंचीचंही तसंच. रॉकी पर्वतात दहा हजार फुटांवर चालवलेली स्लेड स्वस्तात विकत आणून मिनेसोटात किंवा ओंटारिओत तशीच पळवली तर पहिल्याच लांब सरळ पट्ट्यावर पिस्टन धरू शकतो. उलट इकडची गाडी तिकडे नेली तर ती धुराडं होते. तिथे मात्र जेट लहान करणं हाच योग्य उपाय.

तक्त्यात कंपनीचा एअरबॉक्स आणि सायलेन्सर गृहीत असतात. यातलं काही बदललेलं असेल तर आधी ते मूळ जागी आणा. कार्बोरेटरमागच्या रबरी बुटांना तडे आहेत का, हेही जेटला हात लावण्याआधी पाहा. बुटातून फुकटची हवा येत असताना जेट कमी करणं म्हणजे संकटाला आमंत्रण. ऑइल पंपाच्या खुणा जुळलेल्या असू द्या. धूर कमी करायला तेल कमी करू नका.

इंजिनाची तब्येत

कॉम्प्रेशन गेजने दोन्ही सिलिंडर थ्रॉटल पूर्ण उघडून तपासा. त्यांच्यात दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर वरचं सगळं काम वाया जाईल, आधी रिंगा बघा. रीड व्हॉल्व्हच्या पाकळ्या उजेडासमोर धरा, टोकं तुटलेली किंवा उघडी राहिलेली असतील तर बदला. रोटॅक्सच्या ज्या इंजिनांत एक्झॉस्टला रेव्ह (RAVE) व्हॉल्व्ह, म्हणजे एक्झॉस्टचं तोंड लहान-मोठं करणाऱ्या झडपा, आहेत तिथे ते तेलाच्या काजळीने चिकटतात. काढून साफ करायला फारसा वेळ लागत नाही आणि फरक लगेच जाणवतो.

चालवणं आणि पेट्रोल

ओंटारिओच्या ट्रेलवर ताशी ५० किलोमीटरची मर्यादा आहे, मिनेसोटात ५० मैलांची. पेट्रोलच्या दृष्टीने ओंटारिओची बरी. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि जुन्या स्लेडचा पुढचा भाग काही बाणासारखा नसतो. वळणातून बाहेर पडताना ट्रॅक घसरेल इतका थ्रॉटल देण्याची सवय सोडली तरी टाकीत फरक दिसतो.

दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ऊर्जा सुमारे तीन टक्के कमी असते. मिनेसोटात स्नोमोबाइल, बोटी आणि जुन्या हौशी गाड्यांसाठी बिनइथेनॉलचं प्रीमियम अनेक पंपांवर मिळतं, पंपावर तसं लिहिलेलं असतं. तीन टक्क्यांसाठी ते महागडं वाटेल. मी ते दुसऱ्या कारणासाठी घेतो: इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि मार्चमध्ये गाडी झाकून ठेवली की उरलेलं पेट्रोल कार्बोरेटरच्या वाट्यांत आठ महिने बसून बारीक जेट बुजवतं. म्हणून हंगामाच्या शेवटच्या दिवशी वाट्या रिकाम्या करा, टाकीत स्टॅबिलायझर घाला आणि बेल्ट काढून सपाट ठेवा. त्याच दिवशी वहीतले आकडे बघून बेअरिंग, स्लाइडर आणि निडल जेटची यादी करा. उन्हाळ्यात भाग निवांत मिळतात, डिसेंबरात दुकानात रांग असते.